दिवाणखान्यात आली आगगाडी

मागच्या महिन्यात लातूरहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे, ती मी पाळते. पत्राचं सार असं: "आमचे हे निवृत्त झाले आणि घरात आगगाडी शिरली. दिवाणखान्यात सहा फूट लांब, चार फूट रुंद फळी टाकून तिच्यावर रूळ मांडलेत. साठी उलटलेला माणूस गुडघे टेकून इंजिनाकडे डोळे लावून बसतो. पाहुणे आले तर त्यांना बसवायचं कुठं? शेजारीण खिडकीतून बघते नि हसते. ताई, याला छंद म्हणायचं का वेड, ते तुम्हीच सांगा."

पत्र वाचून आधी मला हसू आलं आणि मग ते आपोआप थांबलं. चार वर्षांपूर्वी हेच पत्र मी लिहिलं असतं. फक्त कुणाला लिहावं हे सुचलं नव्हतं! म्हणून आज लोणच्या-पापडाचं राहू द्या. आज घरातल्या आगगाडीबद्दल बोलू.

आम्ही राहतो नांदेडला. माझं माहेर लातूरकडचं. आमचे हे बँकेत होते. शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि पंधरा दिवसांत त्यांना घर खायला उठलं. डबे उघडून बघायचे, फोडणीत मोहरी आधी का जिरं आधी याची चौकशी करायची, भाजीवाल्याशी उगाच हुज्जत घालायची. अशात जर्मनीला असणारा पुतण्या सुट्टीला आला. त्यानं काकांना बोटाएवढं इंजिन, थोडे रूळ आणि वीज कमीजास्त करायचा एक डबा आणून दिला. मला वाटलं, बरं झालं, जीव रमेल.

आणि एक दिवस मी भाजी घेऊन आले, तर माझं शिलाई मशीन जागेवर नाही! तीस वर्षं ते खिडकीखाली होतं. पोरांची झबली, फ्रॉक, शेजारपाजारचे ब्लाउज, नातवाच्या दुपट्यापर्यंत सगळं तिथंच शिवलं. ते उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवलेलं, आणि खिडकीखाली प्लायवूडची फळी.

"तिथं उजेड चांगला आहे," हे म्हणाले.

"मलाही तीस वर्षं तोच उजेड लागत होता," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. पुढचे आठ-दहा दिवस आमच्यात फक्त "जेवायला वाढलंय" आणि "गॅस संपत आलाय" एवढंच बोलणं झालं. मैत्रिणींनो, खरं दुखणं आगगाडीचं नव्हतंच. दुखणं होतं ते न विचारता गेलेल्या जागेचं.

मुलगा पुण्याला असतो. आमचा अबोला त्याच्या कानावर गेलाच. त्यानं दोघांनाही पुण्याला बोलावून घेतलं आणि कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात नेलं. कै. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. एका खोलीत अख्खं शहर मांडलेलं आहे. धूर सोडणारं वाफेचं इंजिन आहे, वेगात जाणारी परदेशी गाडी आहे, वर टांगून चालणारी रेल्वे आहे. रस्ते, पूल, सर्कससुद्धा आहे. दिवे मालवले की त्या शहरात रात्र होते आणि घराघरांत दिवे लागतात. सगळ्यांचे डोळे गाड्यांवर होते. माझी नजर मात्र गाड्या चालवायच्या नियंत्रण-फलकाकडे वळली. बटणांच्या रांगाच रांगा. कोणती गाडी कुठं थांबवायची, कोणता सिग्नल पाडायचा, कोणता सांधा फिरवायचा, हे सगळं तिथून. चार शेगड्यांवर पंगतीचा स्वयंपाक चालवणारी बाई असते ना, तिच्याच जातीचं हे काम. मनात म्हटलं, अगं बाई, हा पोरखेळ नाही. हा कारभार आहे!

येताना बसमध्ये मी यांना पहिला प्रश्न विचारला, "ही गाडी खऱ्या गाडीच्या किती पट लहान असते?" अबोला तिथंच सुटला.

तर आता थोडी माहिती. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आणि तुम्हा सगळ्यांनाच ती उपयोगी पडेल, कारण ज्या गोष्टीवर आपण चिडतो ती निदान नीट माहीत तरी असावी.

जगात सगळ्यात जास्त चालणारं माप 'एचओ' म्हणून ओळखतात. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ पट लहान असते. म्हणजे पाच फूट उंचीची बाई या फलाटावर पावणेदोन सेंटिमीटरची! रेल्वेचा नेहमीचा लांब डबा वीतभराहून थोडासाच मोठा. पण अंतराचं काय? एक किलोमीटर लाईन मापानुसार मांडायची तर साडेअकरा मीटर जागा लागते. तुमचं नऊवारी लुगडं पूर्ण पसरलंत तरी पाऊण किलोमीटर भरत नाही. म्हणून सगळे हौशी लोक स्टेशनं नीट करतात आणि मधली अंतरं आखडून घेतात. दुसरं माप 'एन'. ते १६० पट लहान. त्याचे रूळ एकमेकांपासून ९ मिलिमीटरवर असतात. घर लहान असेल त्यांना ते सोयीचं.

आता आपल्या भागाची गंमत ऐका. आपल्या मराठवाड्यानं रुळांच्या तीन रुंद्या पाहिल्या. नांदेडवरून मनमाड-सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली मीटरगेज लाईन गेली. १९०० सालच्या आसपास ती सुरू झाली आणि १९९०च्या दशकात आपल्याकडे तिचं ब्रॉडगेज झालं. लातूरची तऱ्हा वेगळी. तिथं आली ती बार्शी लाईट, अडीच फुटांची छोटी लाईन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ साली ती बार्शीपर्यंत आली, १९०६ साली दुसऱ्या अंगानं पंढरपूरला पोचली आणि १९११ साली लातूरला. तुमच्या-माझ्या आज्या-पणज्या पांडुरंगाला गेल्या त्या याच गाडीनं. लातूरकडची छोटी लाईन २००७-०८ साली गेली आणि तिच्याजागी ब्रॉडगेज आली. सोय झाली यात शंका नाही. आता मुंबईची गाडी थेट लातूरला लागते. पण ती छोटी गाडी बघायची तर आता जुन्या फोटोत, नाहीतर कुणाच्या तरी फळीवर.

आणि फळीवर ती फार सोप्या रीतीनं येते. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागा. उत्तर येतं पावणेनऊ. म्हणजे 'एन' मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ घ्यायचे आणि त्यांवर 'एचओ' मापाचे डबे चालवायचे, की झाली आपली बार्शी लाईट! युरोपातही छोट्या लाइनींचे शौकीन हेच करतात. आमच्याकडचं इंजिन ऑस्ट्रियातल्या ७६० मिलिमीटरच्या लाइनीचं आहे. दोन मिलिमीटरचा फरक ८७ पट लहान झाल्यावर कुणाला दिसतो? डबे मात्र यांनी घरीच पुठ्ठ्याचे केले.

पण मैत्रिणींनो, एवढं होऊनही महिना-दीड महिन्यात यांचा उत्साह मावळला. गाडी गोल फिरायची. आणखी एकदा गोल फिरायची. पाहुण्यांची मुलं पाच मिनिटं बघायची आणि मोबाइल मागायची. हेही बटण दाबून पेपर वाचत बसू लागले. फळीवर धूळ साचली. तेव्हा मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, पोटात कालवलं. माझी जागा घेतली ती घेतली, आणि आता तिचा उपयोगही नाही!

एका दुपारी धूळ झटकताना माझ्या लक्षात आलं. या स्टेशनाला लूप लाईनच नाही. मी बोलून गेले, "अहो, समोरून दुसरी गाडी आली तर ही कुठं थांबणार?"

"दुसरी गाडी आहे कुठं?"

"म्हणून तर कंटाळा यायलाय तुम्हाला."

माझे अण्णा बार्शी लाईटवर सांधेवाले होते, लातूरच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर. मी त्यांचा डबा घेऊन जायची. दोन गाड्यांची गाठ पडायची तो दिवसाचा मोठा सोहळा. एक गाडी आधी येऊन लूपवर उभी राहणार. मग सांधा फिरणार, समोरून दुसरी धापा टाकत येणार. तोवर चहा, भजी, कुणाच्या लेकीची विचारपूस. एकेरी लाइनीवर पुढच्या स्टेशनाची परवानगी हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. कुठं ती चिठ्ठी असते, तर कुठं वेताच्या कड्याला अडकवलेला धातूचा गोळा. ती खूण एका वेळी एकाच गाडीकडं असते, म्हणून दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. अण्णा म्हणायचे, "हातात खूण नाही, तर गाडी नाही. मग गाडीत कलेक्टर का बसेना!"

मी आत गेले, लाखेची एक जुनी लाल बांगडी आणली आणि फळीवर ठेवली. "ही घ्या खूण. ही ज्याच्या हातात, त्याचीच गाडी लाइनीवर जाणार."

त्या संध्याकाळपासून आमच्याकडे आगगाडी फिरायची थांबली आणि चालायला लागली. यांनी तीन स्टेशनं केली. एक लातूर, एक बार्शी आणि मधलं अण्णांचं. मधल्याला लूप लाईन आणि मालधक्का. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ वर्षांचा नातू आला आणि कारभारात तिसरा माणूस मिळाला. हे लातूरचे स्टेशनमास्तर, नातू बार्शीचा, मी मधल्या स्टेशनावर. जगभरचे हौशी लोक असंच खेळतात, हे मला नंतर कळलं. ते वेळापत्रक करतात आणि घड्याळही वेगळं ठेवतात. आमच्याकडे खऱ्या पाच मिनिटांचा एक तास धरतो. म्हणजे एका तासात बारा तासांचा दिवस उरकतो. प्रत्येक वाघिणीला (मालडब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात, हे ऐकून नातू फार खूश!) एक चिठ्ठी असते: तूर, लातूर ते बार्शी. सरकी, बार्शी ते लातूर. चिठ्ठीप्रमाणे ती वाघीण गाडीतून सोडवायची, मालधक्क्याला लावायची, भरलेली जोडून घ्यायची. सोपं वाटतं ना? इंजिन एका टोकाला आणि हवी ती वाघीण मधोमध, की डोकं चालवावं लागतं. आधी पुढच्या दोन बाजूला काढायच्या, इंजिन लूपमधून वळसा घालून मागं आणायचं, मग ढकलायचं. एका शेगडीवर भात, एकीवर वरण, आणि तवा ठेवायचा तर आधी काय उतरवायचं, हा हिशेब आपण रोज करतो. यांना एक वाघीण लावायला दहा मिनिटं लागायची, तिथं माझं तीन चालींत काम व्हायचं. हे मी फुशारकीनं नाही, कौतुक करून घ्यायला सांगते!

एकदा मात्र फजिती झाली. माझ्या हातात तशीच दुसरी लाल बांगडी होती. मी पोळ्या लाटायला ती काढून ठेवली. नातवानं ती उचलली आणि बार्शीहून गाडी सोडली. खरी खूण यांच्या हातात होतीच. दोन्ही इंजिनं मधल्या वळणावर नाकाला नाक लावून उभी! नुकसान काही नाही, पण यांचा चेहरा असा झाला, की खरंच अपघात झाला आहे. रेल्वेत खुणेची यंत्रं दोन स्टेशनांत एकमेकांना अशी जोडलेली असतात की एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही. त्याचं कारण त्या दिवशी आम्हा तिघांनाही पटलं. आता आमच्याकडे तसली दुसरी बांगडी नाही.

आणखी एक आठवण सांगते. नातवानं विचारलं, "आजी, लातूरला सगळ्यात मोठी गाडी कोणती आली?" मी म्हटलं, पाण्याची. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? माझी धाकटी बहीण लातूरला असते. फोनवर म्हणायची, "नळाला पाणी येऊन किती दिवस झाले, ते मोजायचं सोडून दिलंय गं." बाया रात्र-रात्र घागरी रांगेत लावून बसायच्या. आणि एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. पुढं पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला २५ लाख लिटरच्या आसपास पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. एके काळी जिथं छोटी लाईन होती तीच दिशा. बहिणीचा फोन आला, "अगं, रेल्वे पाणी घेऊन आलीय!" एवढं बोलून तिला पुढं बोलवेना.

नातू म्हणाला, आपण ती गाडी चालवू या. हे लगेच म्हणाले, "नाही चालणार. ती ब्रॉडगेजवर आली. आपली लाईन छोटी. चुकीचं होईल." या छंदातल्या माणसांना असल्या चुका फार टोचतात बरं का! मी म्हटलं, "मधलं स्टेशन माझं आहे. माझ्या स्टेशनावरून पाण्याची गाडी जाणार." मग शिलाईच्या दोऱ्याची रिकामी रिळं आडवी लावून, वरून पुठ्ठा गुंडाळून आम्ही पाच टाक्या केल्या. पन्नासाला जागा नव्हती. ती गाडी सुटली की आमच्याकडे बाकीच्या सगळ्या गाड्या लूपवर थांबतात. वेळापत्रक यांनी केलं असलं तरी हा नियम माझा. आणि तो मोडायला हेही धजत नाहीत.

आता भगिनींनो, कामाच्या चार गोष्टी.

जागेबद्दल. फळी कायमची जमिनीवर पसरू देऊ नका. १२ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, खालून लाकडी पट्ट्यांची चौकट आणि एका बाजूला भिंतीला बिजागऱ्या, अशी केली की काम झाल्यावर ती उभी करून भिंतीला लावता येते. घरं, झाडं आधी काढून घ्यायची. किंवा पायांना चाकं लावून पलंगाखाली सरकवायची. छोट्या लाइनीला वळणं आखूड चालतात, त्यामुळे चार फूट बाय अडीच फुटांतही मजा येते.

साफसफाईबद्दल. गाडी अडखळू लागली की निम्म्या वेळा दोष रुळांवरच्या मळाचा असतो, कारण वीज रुळांतूनच चाकांत जाते. जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या, औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं त्यात किंचित भिजवा आणि रुळाचा वरचा भाग पुसा. हे करताना वीज बंद, खिडकी उघडी आणि जवळपास उदबत्ती-निरांजन नको, कारण ते पटकन पेट घेतं. पाणी नको, खोबरेल तर नकोच नको. सँडपेपरही नको, त्यानं बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत मळ आणखी बसतो. चाकांच्या आसात केस नि दोरे अडकतात, ते चिमट्यानं काढा. इंजिनाला तेल द्यायचं ते सोबतच्या पत्रकात सांगितलं असेल तिथंच, आणि सुईच्या टोकावर राहील एवढंच.

सजावटीबद्दल. महालक्ष्म्यांची आरास आपण दरवर्षी करतो; डोंगर, विहीर, शेत करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. रद्दी कागद नि मैद्याची खळ यांचा डोंगर होतो, लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की गवत, चहाचा चोथा कडकडीत वाळवला की काळी माती. फक्त खाण्याच्या वस्तू वापरू नका. आमच्या यांनी रुळांखाली खडी म्हणून नाचणी पसरली होती. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची मालगाडी लागली! बारीक चाळलेली वाळू घ्या. खळीला कीड लागू नये म्हणून बुक-बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. पण ते विषारी आहे. भांडं वेगळं ठेवा, हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर नकोच.

विजेबद्दल. रुळांत असते ती साधारण १२ व्होल्टची सौम्य वीज, तिचा धोका नाही. धोका असतो तो भिंतीतल्या प्लगपासून डब्यापर्यंतच्या वायरीचा. ती वायर धड असावी, पायात येऊ नये, आणि उठताना बटण बंद. जुन्या पद्धतीत रुळांत वीज सोडली की त्यावरची सगळी इंजिनं निघतात, म्हणून रुळांचे भाग पाडून वेगळी बटणं लावतात. नव्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला क्रमांक असतो आणि ज्याला हुकूम दिला तेच हलतं. सोय आहे, पण खर्चही आहे.

आणि खर्चाबद्दल. ही हौस परदेशी मालावर गेली की पेन्शन गिळू शकते. दरमहा एक आकडा ठरवा, तो किराण्याच्या वहीत लिहा. इंजिन नि रूळ विकत, बाकी सगळं घरी, हा आमचा नियम. आणि जेवढे पैसे त्यांच्या छंदाला, तेवढेच तुमच्या छंदाला त्याच पानावर लिहा. लिहिल्याशिवाय राहू नका.

कुणी म्हणालं की ही पुरुषांची खेळणी, तर एक गोष्ट सांगा. आगगाड्यांच्या खेळण्यांत मर्कलिन हे जर्मनीतलं नाव फार मोठं. ती कंपनी १८५९ साली ग्योपिंगेन गावात सुरू झाली ती आगगाड्यांसाठी नव्हे. भातुकलीसाठी! बाहुल्यांच्या घरातली पत्र्याची भांडी ते करायचे. कॅरोलिन मर्कलिन मालाची पेटी घेऊन गावोगाव विक्रीला जायची. १८६६ साली नवरा गेला, तरी तिनं तो धंदा टिकवून धरला. पुढं १८९१ साली तिच्या मुलांनी लाइप्झिगच्या जत्रेत चावीची आगगाडी आणि तिचे रूळ मांडले. म्हणजे बघा, भातुकली सांभाळणाऱ्या बाईनं तग धरला म्हणून ती गाडी पुढं निघाली.

आता लातूरच्या भगिनींना माझं उत्तर. बाई, हे वेड नाही आणि आजार तर मुळीच नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या घड्याळावर चाललेला माणूस आता स्वतःचं वेळापत्रक करून बघतो आहे. त्याला हसू नका. पण तुमचा दिवाणखाना गेल्याचं दुःखही गिळू नका. आमच्याकडे तह झाला तो असा: खिडकी माझ्या मशीनची. फळी समोरच्या भिंतीला, बिजागऱ्यांवर. संध्याकाळी पाच ते सात ती खाली येते, बाकी वेळ उभी. दुपारी मी मशीनवर असले की हे डबे चिकटवत बसतात, आणि मशीनच्या आवाजावरून सांगतात, "गाडी चढावर लागली वाटतं."

तुम्ही लातूरच्या. त्यांच्या फळीवरच्या स्टेशनाला नाव दिलंय का, ते आधी बघा. नसेल तर तुम्ही द्या. येडशी, ढोकी, मुरूड, हरंगुळ... तुमच्या आठवणीतलं कुठलंही. मग एक बांगडी काढून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "माझं स्टेशन कोणतं?" ते काय म्हणतात ते मला जरूर कळवा. पत्राची वाट बघते.